गाठोड्यांचा वड

सीताफळं आली की मी रस्ता बदलते.

शहरात क्रांती चौकातून मी काम करते त्या रक्त-तपासणीच्या लॅबकडं जायला दोन वाटा आहेत. वर्षभर मी जवळच्या वाटेनं जाते. आश्विन लागला की त्या वाटेच्या तोंडाशी बाया पाट्या मांडून बसतात. पाट्यांत खुलताबादच्या डोंगरातली सीताफळं, डोळे उघडलेली, एखादं आपसूक उकललेलं, आत पांढरा गर आणि गरावर माशी. दुपारपर्यंत सगळ्या कोपऱ्यावर तो वास साचतो. गोड, दाट, आणि गोडाच्या तळाशी काहीतरी उतरलेलं. लोक थांबतात, दाबून बघतात, घासाघीस करतात. मी लांबून वळसा घालते. लॅबमधली सहकारी मला चिडवते, "मॅडम, तुम्ही खुलताबादकडच्या ना? मग सीताफळाला एवढं कामून भेता?" मी म्हणते, "लहानपणी लई खाल्ली, आता नको वाटतं." हे खोटं नाही. अर्धं आहे.

उरलेलं अर्धं म्हणजे तीन वर्षांपूर्वीचा एक आश्विन. त्या आश्विनात हाच वास आमच्या बांधावर होता. शेजारच्या बागेत सीताफळं गळत होती आणि आमच्या गायी गाभडत होत्या, दिवस भरायच्या आत वासरं टाकत होत्या. दोन्हींचा वास वाऱ्यानं एक करून टाकला तो कायमचा. आता एक आला की दुसरा येतोच.

आमची वस्ती खुलताबादच्या पुढं, डोंगर वेरूळकडं उतरायला लागतो त्या अंगाला. आजोबा गुरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. आबा, म्हणजे माझे वडील, एका जागी बसले, थोडं कोरडवाहू रान केलं, पण जीव गुरांतच. आमच्या घराण्यात सही करणारा पहिला माणूस आबा आणि पदवी घेणारी पहिली मी. बी.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र. हे मी मिरवते. मिरवू नये असं मला कुणी शिकवलं नाही, आणि शिकवलं असतं तरी मी ऐकलं नसतं. पदवीच्या झग्यातला माझा फोटो आबांनी चौकट करून आणला आणि गोठ्यात खिळ्याला लावला. माय म्हणाली, "गोठ्यात कामून? पोरीचा फोटो हाय का पंचांग?" आबा म्हणाले, "मी घरात बसतो का कधी? मी जिथं असतो तिथं लावला." त्यामुळं आजही आमच्या गोठ्यात शेणामुताच्या वासात मी काळा झगा घालून उभी आहे आणि खाली गायी रवंथ करतात.

अकरा गायी होत्या. गावरान, लाल अंगाच्या, आटोपशीर शिंगांच्या. दूध फार नाही. आमच्याकडं गाय दुधावर जोखत नाहीत, वेतावर जोखतात. वर्षा-दीड वर्षाला वासरू व्हावं, गोऱ्हा झाला तर तो कुणाच्या तरी औताला जावा, कालवड झाली तर घरात राहावी. आजोबांच्या गायीची नात, तिची नात, असा हा कळप चालत आला. म्हणून गायीला वासरू होईना झालं की आबा रात्री उठून गोठ्यात जाऊन बसतात. अशा वेळी कुणी मरत नाही. गायी चरतात, पाणी पितात, धष्टपुष्ट दिसतात. फक्त कळप संपत चाललेला असतो, आणि तो कसा संपतो हे दाखवायला काहीच नसतं.

आता वडाचं सांगते.

आमच्या बांधावर वड आहे आणि वडाखाली गुरांच्या पाण्याचा हौद. गाय व्याली की तिची वार पडते. ही वार कुत्र्याच्या तोंडी लागू द्यायची नाही, लागली तर गाय आटते, असं आमच्याकडं मानतात. म्हणून वार गोणपाटात घालायची, सुतळीनं आवळायची आणि वडाच्या फांदीला उंच टांगायची. वडच का, तर तो दुधाचा. पान तोडलं की पांढरा थेंब येतो. तसा गायीला पान्हा यावा. गोणपाट वाळून, फाटून, आपोआप गळून पडेपर्यंत गाठोडं तिथंच. लहानपणी मी शाळेतून आले की आधी वडाकडं बघायचे. नवं गाठोडं दिसलं की दप्तर टाकून गोठ्यात पळायचे, कारण नवं गाठोडं म्हणजे नवं वासरू. दुसऱ्यांच्या पोरांना ते झाड बघून भ्या वाटायचं. मला त्या झाडावर वासरं लागतात असं वाटायचं.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता मामांनी बाजारातून भुरी आणून दिली, ती धरून अकरा. मामा म्हणजे मायचा भाऊ. वेरूळकडचा, चार बाजार फिरलेला, बोलायला गोड. भुरी तीन-चार महिन्यांची गाभण, देखणी, कानात वारं भरल्यासारखी. "आबा, अशी गाय तुमच्या गोठ्यात शोभंल," मामा म्हणाले, आणि ती शोभलीच.

घट बसायच्या आदल्या दिवशी मी सुट्टीवर घरी आले होते. सकाळी डोंगरावरून धुकं उतरून गोठ्याच्या दारापर्यंत आलं होतं. मी दूध काढायला गेले तर भुरी उभी होती, मान खाली, आणि तिच्या मागं जमिनीवर काहीतरी पडलं होतं. मला आधी ओला कपडा वाटला. वासरू होतं. अंगावर केस म्हणावेत असे केस नव्हते, कातडी इतकी पातळ की आतलं निळं दिसत होतं. डोळे बंद. खुरांवर मेणासारखं पिवळं मऊ काहीतरी. सातवा महिना. भुरी त्याला चाटत नव्हती. ती त्याच्या शेजारची मोकळी जमीन चाटत होती, अगदी मन लावून, जणू वासरू तिथं होतं आणि आम्हालाच दिसत नव्हतं.

वार अडकली होती. आबांनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घालून ती सोडवली, आजवर सोडवत आले तशी. मग हौदावर हात धुतले. वासरू बांधाच्या कडेला पुरलं. आणि वार गोणपाटात घातली.

माय म्हणाली, "अहो, जित्या वासराची टांगतात. मेल्याची कुठं टांगतात?"

"वार ती वार," आबा म्हणाले. "गायीला पुढल्या वेताला पान्हा नको का? गायीनं काय पाप केलंय?"

"मला नाय बरं वाटत."

"तुला काय बरं वाटतंय? अर्चू, माझे गुडघे आता झाड चढू देत नायत. तू बांध."

मी हसले. घरातली सगळ्यात शिकलेली बाई झाडावर चढून गाठोडं बांधणार, याची मला गंमत वाटली. हातमोजे नाहीत, काही नाही. ओचा खोचला आणि चढले. टांगल्यानं ना भलं होतं ना वाईट, आबांच्या मनाला बरं वाटतंय ना, मग झालं, असा माझा त्या वेळचा शहाणपणा. सुशिक्षित माणसाची ही एक उदार सवय असते. मी चांगली मजबूत गाठ मारली. खाली उतरताना हाताला काहीतरी ओलसर लागलं ते परकराला पुसलं.

मी त्या क्षणीही पदवीधर होते. कोणता जिवाणू गायीच्या गर्भात घर करतो, वारेत किती दाटीनं राहतो, सावलीत आणि ओलाव्यात किती दिवस तग धरतो, हे मी परीक्षेत पानभर लिहून दिलं होतं. ते उत्तर माझ्या डोक्यात होतं आणि माझे हात सुतळी आवळत होते. दोघांची ओळखच नव्हती.

मग चांदी गाभडली. मग हरणी. मी दर रविवारी शहरातून घरी यायचे आणि एक-दोन रविवार गेले की वडाला नवं गाठोडं असायचं. आबा आता शेजाऱ्याच्या गड्याला चढवायचे. लांबून, रस्त्याच्या वळणावरून वड दिसला की माझी मान आपोआप खाली जायची. लहानपणी याच वळणावर मी धावायला लागायचे.

त्या दिवसांतली दुपार मला सगळ्यात जास्त आठवते. भीतीच्या गोष्टी अंधारातच घडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ऑक्टोबरच्या उन्हात आमच्या बांधावर बसून बघायला हवं होतं. डोंगर लख्ख, आभाळ धुतलेलं, सीताफळाच्या बागेत एखादं फळ गळल्याचा मऊ आवाज. वडाखाली गायी बसलेल्या. वारा नाही. आणि तरी गाठोडी हलायची. आत कावळे शिरलेले असायचे. ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून त्यात काही गूढ नाही. पण कावळा उडून गेल्यावरही गाठोडं बराच वेळ हलत राहतं, आणि तेवढा वेळ बघणं कठीण असतं. गोणपाटातून थेंब पडायचे. हौदाच्या काठावर, गायींच्या पाठीवर, चाऱ्यावर.

आणि गायी वर बघायच्या.

गाय कधी वर बघते का? माझं अख्खं आयुष्य गायींत गेलंय, मी सांगते, गाय वर बघत नाही. तिचं जग तोंडासमोरचं आणि पायाखालचं. त्या आश्विनात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, गायी रवंथ थांबवून मान उचलायच्या, नाकपुड्या फुलवायच्या आणि गाठोड्यांकडं बघत राहायच्या. हंबरायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या. मग एखादी उठून त्या जागेखाली जायची, जमीन हुंगायची, चाटायची आणि तिथंच बसायची.

आमच्या बांधाला लागून रशीदचाचांची सीताफळाची बाग. म्हातारा माणूस, दिवसभर उंच माचोळीवर बसून पाखरं हाकायचा. मला लेकीसारखं बोलायचा. एका रविवारी त्यांनी मला बांधावर थांबवलं.

"बेटा, एक बात बोलूं? हसना नै."

"बोला ना, चाचा."

"इस झाड की नियत बिगड गई."

मी हसले.

"देखो, बोला था ना, हसना नै!" ते रागावले. "मैं रोज देखता इधर से. जो गाय उसके नीचे ठीक गठडी के नीचे बैठती ना, उसकाच नंबर लगता. पहले चांदी बैठी. फिर हरणी. अब वो तुम्हारी कपिली बैठ री दो-तीन हफ्ते से. झाड को आदत लग गई."

"चाचा, झाडाला कसली सवय लागते? झाड म्हणजे काय दारुडं आहे का?"

"दारुडे को तो कम से कम समझा सकते."

मी त्यांना झाडाची रचना समजावून सांगितली. खरंच सांगितली, मुळं पाणी शोषतात, पानं अन्न तयार करतात, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन सीताफळं माझ्या पिशवीत टाकली. म्हणाले, "ठीक है. कपिली का खयाल रखो." दहा दिवसांनी कपिली गाभडली.

गावातही तेच बोलायला लागले होते. झाड मागतंय. झाडावर काहीतरी येऊन बसलंय. कुणी नारळ सुचवला, कुणी कोंबडं. मायनं वडाला काळा दोरा बांधला. मी सगळ्यांशी भांडले. त्या पंधरवड्यात मी जितकं विज्ञान बोलले तितकं तीन वर्षांच्या कॉलेजातही बोलले नव्हते. चाऱ्यात खनिजं कमी पडली असतील म्हणून शहरातून पुडे आणले. उन्हानं झालं असेल म्हणाले. आपला वळू म्हातारा झालाय म्हणाले. सगळं म्हणाले आणि कोणती गाय कुठं बसते, पुढं तिचं काय होतं, हे एकदाही जुळवून बघितलं नाही.

दिवाळीच्या आसपास आबांना ताप यायला लागला. सकाळी माणूस ठणठणीत. दिवस कलला की अंग मोडून यायचं, कंबर धरायची, ताप चढायचा, मग घामानं अंथरूण ओलं. चार दिवस बरं, परत तेच. गावच्या दवाखान्यात मलेरियाची सुई झाली, टायफॉइडचं औषध झालं. आबा खंगत गेले. मोरी गाभडली ती पाचवी. तेव्हा त्यांच्यात वार सोडवायचं बळही उरलं नव्हतं, तरी त्यांनी सोडवली. संध्याकाळी खाटेवर बसून ते वडाकडं बघत म्हणाले, "अर्चू, मला बी लागलं बघ त्याचं." मी चिडून म्हणाले, "काय लागलं? झाडाचं काय लागतंय माणसाला?" ते म्हणाले, "गायी गेल्या का कळप कशाचा, आन् कळप गेल्यावर मी तरी कशाचा? एकाच दाव्याला बांधलोय आम्ही."

मी त्यांना शहरात आणलं. आमच्याच लॅबमध्ये त्यांचं रक्त मी काढलं. बापाची शीर शोधताना मला कधी नव्हे ते दोनदा सुई टोचावी लागली आणि आबा मायला म्हणाले, "बघ, शिकून बी भेतीच हाय." आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमनी ताप कसा येतो ते नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच विचारलं.

"बाबा, घरी गुरं आहेत का?"

"हायत की."

"गाभडतात का?"

खोलीत काहीच झालं नाही. पंखा फिरत होता. पण माझ्या आत जे पानभर उत्तर इतकी वर्षं घडी घालून ठेवलेलं होतं, ते त्या एका प्रश्नानं उलगडलं आणि मला ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, माझ्याच अक्षरात, दिसायला लागलं. ब्रुसेला. गाभण गायीत गर्भपात, बहुधा सातव्या महिन्यानंतर. वारेतून, स्रावातून, दूषित चारा-पाण्यातून प्रसार. माणसात वरखाली होणारा ताप. मला वडाची सावली दिसत होती, तिच्यात हौद, आणि हौदावर मी स्वतः मारलेली मजबूत गाठ.

तपासणीत तेच निघालं. आबांना दोन प्रकारच्या गोळ्या सुरू झाल्या, दीड महिना न चुकता. तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले, सगळ्या गायींचं रक्त घेऊन गेले. अकरापैकी सात. डॉक्टर साधा माणूस होता, आडपडदा नव्हता. वडाखाली उभं राहून त्यांनी वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "बाबा, भुरीनं आणलं. पण पसरवलं हे तुम्ही."

"गायीच्या दुधासाठी टांगलं हो," आबा म्हणाले.

"मला माहीत आहे. माझी आजी पण टांगायची."

"मग आता औषध?"

"तुम्हाला आहे. त्यांना नाही."

गाठोडी उतरवायची ठरली. मी लॅबमधून हातमोजे, मुखपट्टी आणली होती. यावेळी मीच चढले; ती गाठ माझी होती. भर दुपार होती. सुतळी इतकी आवळली होती की सुटेना, विळ्यानं कापावी लागली. गाठोडी हलकी झाली होती, वाळलेल्या पानांइतकी, पण एकेक गाठोडं सोडताना खाली उभ्या गायी दोन पावलं पुढं यायच्या. आबा काठीनं त्यांना मागं रेटत होते आणि पुटपुटत होते, "नाय गं, तुझं नाय ते. तुझं नाय." खोल खड्डा, वर चुना, वर काटेरी झुडपं. संपल्यावर झाड एकदम रिकामं दिसलं. आणि मला वाटलं होतं तसं हायसं वाटलं नाही. उलट असं वाटलं, की इतके दिवस ते आमच्याकडं बघत होतं आणि आता त्यानं डोळे मिटलेत.

मी बांध ओलांडून रशीदचाचांकडं गेले. म्हणाले, "चाचा, तुमचं खरं होतं. जी गाय खाली बसायची तिलाच होत होतं."

त्यांना आनंद झाला नाही. म्हणाले, "मेरा क्या खरा, बेटा. मैं तो रोज दिनभर बैठा था, दिख गया. तू भी बैठती तो दिखता."

यावर मी पुष्कळ विचार केलाय. झाडाची नियत बिघडली, हे वाक्य ऐकून मी हसले ते वाक्याच्या वेषाला हसले. आत जे होतं ते शुद्ध निरीक्षण होतं. जागा, क्रम, दिवस, सगळं अचूक. तेच मला इंग्रजीत, तक्त्यात मांडून कुणी दिलं असतं तर मी मान डोलावली असती. आणि खरं सांगू, कारण कळल्यावर त्या झाडाची भीती कमी व्हायला हवी होती. ती वाढली. भूत असतं तर ते नारळानं ऐकलं असतं, निदान ऐकेल अशी आशा तरी असती. इथं तर गावाची गोष्ट शब्दन् शब्द खरी निघाली होती, फक्त त्यातलं भूत काढून तिथं माझा हात ठेवायचा होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, लागण झालेल्या गायी वेगळ्या बांधा, वळूला दाखवू नका, बाहेर विकू नका. दुसऱ्या आठवड्यात मामा आले. ओसरीवर बसले, चहा घेतला.

"आबा, सातही जनावरं चांगली भरलेली दिसतात," मामा म्हणाले. "लांबच्या बाजाराला नेतो. गायीच्या कपाळावर काय लिहिलंय का?"

आबा गोळ्यांनी थकलेले, भिंतीला टेकून बसलेले. माय माझ्याकडं बघत होती. आणि मी, जी गावभर विज्ञान सांगत फिरत होते, मी गप्प बसले. मला माहीत होतं ते चूक आहे. मला हेही दिसत होतं की सात गायी गेल्या तर आबांच्या डोक्यावरचं ओझं जाईल, रोज सकाळी त्यांच्याकडं बघून माणूस झुरणार नाही. मी मनात म्हणत होते, आबा हो म्हणोत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आबांनी विचारलं, "भुरी कुणाकडनं घेतली होती?"

"बाजारात. तोंडओळख बी नव्हती त्या माणसाची."

"त्याला ठाऊक आसंल का?"

मामांनी रिकामा कप बाजूला सरकवला.

"ठाऊक व्हतं," आबा म्हणाले. "नायतर तीन-चार महिन्यांची गाभण गाय कुणी इकंल का? त्यानं त्याच्या झाडाचं गाठोडं सोडून माझ्या झाडाला बांधलं. आता मी ते कुणाच्या झाडाला बांधू? ज्याला इकायच्या त्याचं नाव सांग. त्याच्या घरी पोरगी हाय का शिकलेली, ते बी सांग."

मामा उठले, म्हणाले, "तुम्ही लई सरळ, आबा. सरळ माणसाचा गोठा रिकामाच व्हतो."

"व्हऊ दे," आबा म्हणाले.

तर सात गायी राहिल्या, नाल्याच्या पलीकडं, तारेच्या कुंपणात. वेगळं पाणी, वेगळा चारा. चार निरोगी गायी रशीदचाचांनी आपल्या बागेच्या कोपऱ्यात बांधू दिल्या. सहा महिन्यांनी परत रक्त तपासलं, त्यातली एक पलीकडं गेली. दोन म्हाताऱ्या होत्या, वेताच्या पलीकडच्या. उरली एक रतनी. तेव्हा ती कालवड होती, हरणीच्या आधीच्या वेताची, कळपातली सगळ्यात बारकी. आजोबांपासून चालत आलेलं सगळं त्या एका किरकोळ जनावरावर येऊन थांबलं.

पलीकडच्या गायी माजावर येतात. दर तीन आठवड्यांनी एखादी. सकाळी उन्हं वर यायच्या आत नाल्यापलीकडून ती ओरडायला लागते, लांबच लांब, तासन् तास. उत्तर येईपर्यंत ओरडायचं असतं तिला, आणि उत्तर देणारं कुणी नसतं. वळूचं रक्त चांगलं निघालं तेव्हाच आबांनी तो देऊन टाकला. मी फोन केला की मागं तो आवाज येतो. "चांदी हाय," आबा सांगतात. "आज मोरी." मग आम्ही दोघंही थोडा वेळ ऐकतो. डोंगराला आपटून आवाज परत येतो तेव्हा गाय थांबते, कान टवकारते. तिला वाटतं, कुणीतरी बोललं. गेल्या दोन वर्षांत त्यातल्या भुरी आणि कपिली गेल्या, वयानं नाही, कशानं ते कळलं नाही. आता तिथं पलीकडं गेलेली धरून सहा उरल्यात.

रतनी दोनदा उलटली. कृत्रिम रेतन करायचं, वाट बघायची, आणि तिसऱ्या आठवड्यात ती परत माजावर. आबा प्रत्येक वेळी म्हणायचे, "संपलं." तिसऱ्यांदा ती ठरली. मग महिने मोजणं सुरू झालं. सातवा महिना आला तेव्हा आबा बागेत खाट टाकून तिच्याजवळच राहिले. सातवा गेला. आठवा गेला. फोनवर आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो, जेवण झालं का एवढंच विचारत होतो.

या आश्विनात मी रजा टाकून घरी गेले. सीताफळाच्या वासातून नाक दाबून बागेत शिरले. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला रतनीनं अंग टाकलं. आबांच्या हातात मी आणलेले लांब हातमोजे होते, कोपराच्या वर येणारे. "हे घातल्यावर गायीला माझा हात कळंल का?" त्यांनी विचारलं. "कळंल," मी म्हणाले. मला ठाऊक नव्हतं.

पुढचे दोन पाय आले, त्यांच्यावर नाक आलं, आणि मग एकदम सगळं वासरू. अंगभर केस. ओलं, लाल, जड. ते पडलं आणि हललं नाही. आबांनी त्याच्या नाकातला चिकटा काढला, काडीनं नाकपुडी खाजवली. काहीच नाही. माय तोंडाला पदर लावून उभी. आबांनी परत खाजवली. वासरू शिंकलं. कालवड होती. आबा तिथंच मातीत बसले आणि मोजे घातलेले दोन्ही हात वर धरून, कशाला न लागू देता, रडायला लागले.

वार तासाभरानं आपोआप पडली. आबांनी ती उचलली, खड्ड्यात ठेवली, चुना टाकला, माती लोटली. मग हात साबणानं धुतले, दोनदा. चौथ्या महिन्यात कालवडीला लस द्यायची आहे, ते मी त्यांच्याकडून तीन वेळा वदवून घेतलं. "व्हय गं माय, व्हय," ते म्हणाले.

तेवढ्यात कालवड पहिल्यांदा ओरडली. बारीक, फाटका, एवढासा आवाज.

नाल्यापलीकडं काहीतरी हललं. मी वळून बघितलं. सहाही गायी चरायच्या थांबल्या होत्या. एकेक करत त्या कुंपणापाशी आल्या आणि तारेला छाती लावून ओळीनं उभ्या राहिल्या. आणि त्यांनी तो आवाज काढला. गाय तो आवाज एकाच वेळी काढते, तोंड मिटून, घशातल्या घशात, जमिनीतून आल्यासारखा. नुकत्या जन्मलेल्या आपल्या वासरासाठी. ज्यांना आता कधीच जितं वासरू चाटायला मिळणार नाही अशा सहा गायी, एका दमात, तो आवाज काढत होत्या.

"तिकडं बघू नको," आबा म्हणाले. त्यांची पाठ तिकडं होती. "त्येंना वाटतंय, आपलंच हाय."

कालवड लटपटत उठली. पडली, परत उठली. तिनं रतनीकडं बघितलं नाही. तिनं कान नाल्याकडं फिरवले आणि त्या आवाजाच्या दिशेनं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. आबा गुडघ्यावर सरकत पुढं गेले, दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं, आणि हळूच वळवून आईच्या कासेला लावलं. पलीकडचा आवाज थांबेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.